एल्मची पानं पिवळी पडून गळतायत? आधी हे तपासा

एल्मचं पान पिवळं दिसलं की हात झारीकडे जातो, आणि दोन दिवसांत फरक पडला नाही तर खताच्या डब्याकडे. बोन्सायच्या कुंडीतले बरेच एल्म या दोन उपायांनीच आणखी खालावतात. पान पिवळं का पडलं हे रंगावरून कळत नाही. झाडाच्या कुठल्या भागातलं पान आधी गेलं आणि गळताना ते कसं होतं, यावरून बरंच कळतं. म्हणून काहीही करण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा.

लक्षणं: तुमच्या झाडाचं नेमकं काय होतंय?

- खोडाजवळची, आतली जुनी पानं पिवळी आणि शेंडे हिरवेगार: प्रकाश कमी, नाहीतर नेहमीची पानगळ. क्वचित नत्राची कमतरता.
- सगळीकडची पानं एकदम पिवळी, हाताला मऊ, टोकं काळपट आणि माती ओली: मुळांना हवा मिळत नाही.
- पान हिरवं असतानाच कुरकुरीत, बोटात चुरा होतो: झाड एकदा तरी पूर्ण कोरडं पडलं होतं.
- शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाही.
- फक्त कडा तपकिरी: मातीत क्षार साचलेत, किंवा गरम वारा लागतोय.
- पानावर बारीक फिकट ठिपके आणि धुळकट रंग, किंवा पानं चिकट: कीड.
- पानावर डांबराच्या थेंबासारखे काळे, किंचित उंच डाग: काळे ठिपके हा बुरशीजन्य रोग.
- पानाचा हिरवा भाग खाल्लेला, शिरांची जाळी उरलेली: एल्मच्या पानांवरचे भुंगेरे किंवा त्यांच्या अळ्या.
- बाकी झाड ठीक, एकच फांदी पिवळी: बोन्साय असेल तर फांदीला आकार द्यायला गुंडाळलेली तार तपासा. बागेतलं मोठं झाड असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

झाड एल्मच आहे ना, तेही पाहून घ्या. एल्मच्या पानाचा बुडखा तिरका असतो, म्हणजे देठाच्या एका बाजूचं पातं दुसऱ्या बाजूपेक्षा खाली उतरतं. झेल्कोवा हे एल्मचं भावंड बोन्सायमध्ये खूप दिसतं. त्याचा बुडखा जवळपास सारखा असतो. वावळालाही इंग्रजीत एल्म म्हणतात आणि तो याच कुळातला आहे, पण त्याची प्रजाती (जीनस) वेगळी. खालचा मजकूर खऱ्या एल्मबद्दल आहे, आणि कुंडीतला एल्म म्हणजे बहुतेक वेळा चायनीज एल्म, उल्मस पार्विफोलिया.

१. ऋतू आणि जागा (खर्च शून्य)

चायनीज एल्म अर्धवट सदाहरित आहे. थंडी कडक पडली तर सगळी पानं टाकतो. हवा सौम्य असली तर जुनी पानं वसंतापर्यंत धरून ठेवतो आणि नवे डोळे फुटताना ती पिवळी करून सोडतो. त्यामुळे थंडीच्या तोंडावर किंवा नवी पालवी येताना आतली पानं गळत असतील तर हे दुखणं नाही. शेंड्याचे डोळे टणक आणि भरलेले आहेत का, एवढं पाहा.

दुसरा प्रश्न: गेल्या तीन आठवड्यांत झाड हललं का? रोपवाटिकेतून घरात, बाहेरून आत, सावलीतून उन्हात? जुन्या जागेच्या प्रकाशात घडलेली पानं नव्या जागी झाडाला परवडत नाहीत, म्हणून ती टाकून ते नवी काढतं. यावर उपाय एकच, झाड पुन्हा न हलवणं. पानं गळतायत म्हणून दर चार दिवसांनी खिडकी बदलली तर गळती कधीच थांबत नाही.

पानं सगळीच गेली असतील तर नखानं एका बारीक फांदीची साल अगदी हलकी खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली, खोडाच्या दिशेनं सरकून पुन्हा पाहा. हिरवं जिथे लागेल तिथपर्यंत झाड आहे असं समजा. एल्म जुन्या लाकडातूनही सहज फुटतो, त्यामुळे उघडं झालेलं झाड निदान सहा आठवडे तरी टाकून देऊ नका.

२. माती खरंच ओली आहे की कोरडी?

वरून दिसणाऱ्या मातीवर विश्वास ठेवू नका. बांबूची न रंगवलेली काडी घ्या, कुंडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत घाला, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून ओठाच्या वरच्या कातडीला लावा. बोटाला न जाणवणारा ओलावा तिथे गार लागतो. काडी गडद आणि गार असेल तर पाणी नको. किंचितच ओलसर असेल तर आज घाला. कोरडी ठणठणीत निघाली तर उशीर झालाय.

काडी दोन ठिकाणी घाला, एकदा काठाजवळ आणि एकदा खोडापासून दोन बोटांवर. मोठ्या प्रमाणावर तयार होणारे चायनीज एल्म आधी शेतात, चिकणमातीत वाढवलेले असतात. कुंडीत लावताना तो चिकणमातीचा गोळा मुळांत तसाच राहतो आणि भोवती हलकं मिश्रण भरलं जातं. मग काठाची काडी ‘ओलं’ सांगते आणि आतला गोळा विटेसारखा कोरडा असतो, किंवा नेमकं उलट. रोज पाणी घालूनही वाळणारा एल्म बहुधा असाच असतो.

गोळा कोरडा असेल तर झारीनं काम होणार नाही, पाणी बाजूनं निघून जातं. टबमध्ये कुंडीच्या काठाच्या जरा वरपर्यंत पाणी घ्या, कुंडी बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग काढून पूर्ण निथळू द्या. हा रोजचा मार्ग नव्हे. रोजचं पाणी वरूनच, भोकांतून वाहेपर्यंत, आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. पहिल्या पाण्यानं माती भिजायला तयार होते, दुसऱ्यानं भिजते.

माती सतत ओली असेल तर कुंडीखालची बशी आधी काढा. बशीत उभं राहिलेलं पाणी कुंडीच्या तळाचे दोन-तीन सेंटीमीटर कायम भरलेले ठेवतं, आणि उथळ कुंडीत तेवढीच तर मुळांची जागा असते. मुळं श्वास घेतात. मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी राहिलं की ती गुदमरतात, पाणी ओढायचं थांबवतात आणि भिजलेल्या मातीतही पान मलूल पडतं. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. भोकं आतून मुळांनी किंवा बसलेल्या गाळानं बंद झालीत का, तेही काडीनं खालून टोचून पाहा.

‘दिवसाआड पाणी’ असलं वेळापत्रक एल्मला चालत नाही. वारा, ऊन आणि पानांची संख्या यांवर तहान ठरते. पानं गळलेल्या झाडाला पानांनी भरलेल्या झाडापेक्षा कितीतरी कमी पाणी लागतं, आणि हे विसरल्यामुळेच मुळं सडतात.

३. प्रकाश

चायनीज एल्म घरात तग धरतो म्हणून ‘इनडोअर’ म्हणून विकला जातो, पण मुळात तो उघड्यावरचा वृक्ष. खिडकीपासून मीटरभर आत आपल्या डोळ्याला खोली उजळच वाटते, झाडाला मात्र काचेजवळच्या प्रकाशाचा लहानसा हिस्साच मिळतो. खूण स्पष्ट असते: आतली पानं पिवळी होऊन गळतात, नव्या फांद्या लांबुडक्या, पानांमधलं अंतर वाढलेलं. कुंडी काचेला लागून ठेवा, किंवा बाहेर न्या. बाहेर नेताना पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग जास्त. घरातली पानं थेट दुपारच्या उन्हात नेली की एका दिवसात भाजतात.

४. पांढरा कागद आणि भिंग

फांदीखाली पांढरा कागद धरून तिला दोनदा टिचकी मारा. कागदावर पडलेले टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले आणि बोटानं पुसल्यावर लालसर-हिरवट रेघ उमटली, तर लाल कोळी. घरातल्या कोरड्या हवेत हे हमखास येतात. पानाच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, दर तीन-चार दिवसांनी, निदान चार वेळा. एकदा धुऊन उपयोग नाही, कारण अंडी पानाला चिकटून राहतात आणि काही दिवसांत नवी पिढी बाहेर येते.

पानं चिकट असतील तर फांद्यांवर सालीच्याच रंगाचे गोल फुगवटे शोधा. नखानं सहज निघाले तर खवले कीड. जुन्या टूथब्रशनं घासून काढा. कोवळ्या शेंड्यांवर मावा असेल तर पाण्याचा फवारा पुरतो. हट्टी प्रादुर्भावाला एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता, १–२ मिली, सौम्य द्रव साबण. फवारणी संध्याकाळी, आणि आधी एकाच फांदीवर करून दोन दिवस वाट पाहा.

एक गोष्ट इथे ठळकपणे: आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून सगळीकडे पसरणारी) कीटकनाशकं एल्मवर जपून. डायमेथोएटसारख्या औषधानं एल्म सगळी पानं टाकू शकतो, आणि मग कीड मेली पण पानगळ वाढली असं होतं.

५. तार

एकच फांदी फिकी पडलीय? तिच्यावरची तार पाहा. वाढीच्या दिवसांत एल्मची फांदी भराभर जाड होते. पाच-सहा आठवड्यांतच तार सालीत रुतू शकते. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं, तो रस्ता आवळला गेला की फांदीची वाढ बिघडते. तार उलगडू नका, डहाळी मोडते. तार कापायच्या कात्रीनं प्रत्येक वेटोळं वेगळं कापून तुकडे काढा. फार खोल गेलेला तुकडा ओढून साल फाडण्यापेक्षा आत राहिलेला बरा.

६. पाण्याची जात आणि खत

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली तर क्षार साचलेत. कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट साधं पाणी सावकाश वरून ओतून माती धुऊन काढा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर मातीत लोह नसतं असं नव्हे. जड पाण्यामुळे मातीचा सामू (पीएच) चढतो आणि असलेलं लोह मुळांना घेता येत नाही. अशा वेळी पावसाचं पाणी सर्वांत स्वस्त. लोहाचं चिलेट (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) घ्यायचं झालं तर ईडीडीएचए प्रकारचं घ्या. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत टिकत नाही, आणि नेमका तोच जास्त विकला जातो.

खत फक्त एकाच चित्रात: जुनी पानं एकसारखी फिकट, झाड जोमदार प्रकाशात, माती नीट निचऱ्याची आणि गेल्या मोसमात खतच दिलेलं नाही. बाकी सगळीकडे खत बंद. जखमी मुळांभोवती क्षार वाढले की ती आहे तेवढंही पाणी घेऊ शकत नाहीत.

इथपर्यंतचे उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे थांबा. एकाच रविवारी जागा, पाणी, औषध आणि कुंडी असं सगळं बदललं, तर झाड सुधारलं तरी कशानं ते कळत नाही.

७. मुळं (वेळ लागतो, धोकाही आहे)

वरचं काहीच लागू पडलं नाही, किंवा मातीला आंबूस वास येतोय, तरच झाड कुंडीतून काढा. कुंडीला बांधलेल्या तारा तळाखालून कापा, काठाभोवती सुरी फिरवा, खोडाच्या बुंध्याला धरून झाड अलगद वर घ्या.

निरोगी मुळांची टोकं पांढरट किंवा पिवळसर असतात आणि हाताला ताठ लागतात. सडलेलं मूळ काळं, बुळबुळीत. दोन बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. अशी सगळी मुळं स्वच्छ, टणक लाकूड लागेपर्यंत कापा. दर काही कापांनंतर कात्री अल्कोहोलनं पुसा. निरोगी मुळांना हात लावू नका. एरवी दर दोन-तीन वर्षांनी, डोळे फुगू लागताना, कुंडी बदलतो तेव्हा एक तृतीयांशपर्यंत मुळं छाटता येतात. आजारी झाडाला ते सोसत नाही. सड दिसली असेल तर मात्र वसंताची वाट पाहत बसू नका.

चिकणमातीचा गोळा असेल तर एकाच बैठकीत सगळा फोडू नका. या वेळी काडीनं एका बाजूचा निम्मा मोकळा करा, उरलेला पुढच्या कुंडीबदलाला.

नवं मिश्रण ३ ते ६ मिलिमीटर दाण्याचं, चाळून धूळ काढलेलं. अकादामा (जपानी दाणेदार चिकणमाती), प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि लाव्हा (ज्वालामुखी खडक) समान भाग हे ठरलेलं मिश्रण; ते नसेल तर चांगल्या भाजलेल्या विटेचे तुकडे आणि भरड वाळू यांवरही एल्म छान वाढतो. धूळ चाळणं हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग, आणि नेमका तोच टाळला जातो. ती खाली बसून तळाशी चिखलाचा थर करते आणि दोन महिन्यांत सड परत येते. झाड भोकांतून ओवलेल्या तारेनं कुंडीला घट्ट बांधा. वाऱ्यानं झाड हललं की नुकती फुटलेली केशमुळं तुटतात. मग उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या, वारा नसलेल्या जागी ठेवा. नवी पालवी येऊन पानं पक्की होईपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, खत नाही.

इथे थांबा: निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील, किंवा बुंध्याची साल मातीच्या पातळीवर दाबल्यावर मऊ लागत असेल, आणि झाड जुनं किंवा मोलाचं असेल, तर मुळं ओल्या कापडात गुंडाळून अनुभवी बोन्साय तज्ज्ञाकडे न्या. तिथून पुढे किती कापायचं हा निर्णय वाचून घेता येत नाही.

बागेतला मोठा एल्म

इथेही सोपं आधी. लावल्यापासून पहिल्या दोन-तीन वर्षांतलं झाड कोरड्या हंगामात पिवळं पडलं तर पाणी खोलवर मुरतंय का पाहा. बुंध्याशी माती किंवा पालापाचोळा ढीग करून लावला असेल तर तो हातभर दूर सरकवा; मुळं जिथे खोडातून फुटतात तो फुगवटा उघडा दिसायला हवा. गवत कापायच्या यंत्राची दोरी बुंध्याची साल सोलते, तीही खूण शोधा.

काळे ठिपके ओल्या, गार वसंतात वाढतात. मोठ्या झाडाला ते दिसतात तेवढे बाधत नाहीत. गळलेली पानं गोळा करून हटवली की पुढच्या वर्षीची लागण कमी होते, कारण बुरशी त्याच पानांत दबा धरून राहते. भुंगेऱ्यांच्या अळ्या पानं खाऊन खोडावरून खाली उतरतात आणि बुंध्याशी कोषात जातात. तिथे पिवळे कोष दिसले तर झाडून गोळा करा. खोडाच्या चिरेतून आंबट वासाचा चीक वाहत असेल तर तो लाकडातल्या जिवाणूंचा. पूर्वी तिथे भोक पाडून नळी बसवत; ते करू नका, आतली सड निरोगी लाकडात पसरते.

एकच फांदी वाळतेय: डच एल्म रोग

भर वाढीच्या दिवसांत, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, शेंड्याकडची एखादी फांदी अचानक मलूल होते, पानं पिवळी-तपकिरी होऊन वळतात आणि बरेचदा तशीच लटकत राहतात, बाकी झाड हिरवं: हे चित्र दिसलं की पाणी-खताचा विचार सोडा. नावातला ‘डच’ हा फक्त संशोधनाचा मान आहे. रोगाचा पहिला अभ्यास नेदरलँड्समध्ये १९२१ च्या सुमारास झाला. ओफिओस्टोमा बुरशी सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या अंगावरून झाडात शिरते, आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात. एकाच फांदीपासून सुरुवात होते ती यामुळे. अमेरिकन एल्म आणि युरोपातले बरेच एल्म याला फार लवकर बळी पडतात. चायनीज आणि सायबेरियन एल्म चांगले प्रतिकारक आहेत, पण पूर्ण सुरक्षित नाहीत.

हाताला पोहोचणारी फांदी असेल तर एवढंच करा: नुकती मलूल झालेली, पूर्ण न वाळलेली, अंगठ्याएवढी जाड डहाळी कापा आणि चाकूनं साल सोला. खालच्या पांढऱ्या लाकडावर लांबीच्या दिशेनं तपकिरी रेघा, आणि आडव्या कापात कडेच्या वलयात तपकिरी टिंबं, ही खूण. मात्र व्हर्टिसिलियम मर हा दुसरा बुरशीजन्य रोगही अशाच रेघा देतो. म्हणून १५–२० सेंटीमीटरचे तीन-चार तुकडे पिशवीत घालून, थंड ठेवून, वनस्पतिरोग प्रयोगशाळेत लगेच पाठवा. पूर्ण वाळून गेलेल्या फांदीत बुरशी उगवून येत नाही आणि अहवाल खोटा दिलासा देतो. कात्री अल्कोहोलनं पुसून मगच दुसऱ्या झाडाला लावा.

इथून पुढे वृक्षतज्ज्ञ, आणि आठवड्याच्या आत. लागण एका फांदीपुरती असेपर्यंतच ती फांदी शेवटच्या रेघेच्या खाली निदान तीन मीटर निरोगी लाकूड धरून कापण्यात अर्थ असतो. बुरशीनाशकाची इंजेक्शनं बुंध्यात दाबानं दिली जातात, ते घरगुती काम नाही. शिडीवर उभं राहून करवत चालवायची वेळ आली, झाड घरावर किंवा विजेच्या तारांवर झुकलेलं असलं, किंवा बुंध्याशी कठीण बुरशीची छत्री उगवली असली, तरी हाच सल्ला, रोग कुठलाही असो.

तज्ज्ञ येईपर्यंत इतर एल्मची छाटणी करू नका. ताज्या जखमेचा वास भुंगेऱ्यांना बोलावतो. तोडलेलं लाकूड जळणासाठी सालीसकट रचून ठेवू नका, भुंगेरे त्याच सालीखाली पिल्लं काढतात. साल काढा, जाळा किंवा पुरा, स्थानिक नियमांत जे बसेल ते. आणि शेजारी, पंधरा मीटरच्या आत दुसरा एल्म असेल तर दोघांची मुळं जमिनीखाली जोडलेली असण्याची शक्यता मोठी. त्या दोघांमध्ये मीटर-दीड मीटर खोल चर मारून मुळं तोडायची असतात, आणि तीही आजारी झाड पाडण्याआधी. झाड आधी पाडलं तर निरोगी शेजारी त्याच्या उरलेल्या मुळांतलं पाणी बुरशीसकट आपल्याकडे ओढून घेतो.